सातव्या खाणीचा होकार

ब्रिगिदा गावलिकने सातव्या खाणीचं कौतुक इतक्या सभांमध्ये केलं होतं, की तिचे विद्यार्थी तिच्यामागे तिला 'सातवीची मावशी' म्हणत. क्राकूव, बर्लिन, ब्रुसेल्स, जिथे जिथे कोळसा सोडून पुढे जायच्या गोष्टी चालत तिथे ही बाई हजर. पडद्यावर बारा रेघा दाखवायची, त्यांतल्या सगळ्यांत उंच रेघेवर बोट ठेवायची आणि म्हणायची, ही माणसं बघा, यांना पुढचं दिसलंय. बारा रेघा म्हणजे पोलंडमधल्या आमच्या शिलेशियातल्या बारा खाणी. रेघ जितकी उंच, तितके तिथले कामगार आपणहून खाण सोडायला तयार. ही सातवी खाण कुठली, हे मात्र खुद्द ब्रिगिदालाही ठाऊक नव्हतं, कारण तो नियम तिनेच घातला होता.

नियमाला कारण होतं. ती याच मातीतली, लाल विटांच्या चाळीत वाढलेली. बाप एवाल्द अपोलोनिया खाणीत तीस वर्षं एका तुकडीचा म्होरक्या होता. धाकटा भाऊ रायमुंद अजून त्याच तुकडीत खाली उतरत होता. आपल्या घराकडे माप झुकायला नको म्हणून तिने मुलाखती घ्यायला परक्या शहरातली पोरं पाठवली, खाणींची नावं सरकारी आयोगाकडे कुलपात ठेवली आणि स्वतः फक्त आकड्यांशी झगडत बसली. माणसाने प्रामाणिक असावं, पण इतकं असावं का, असं तिच्या आईने एकदा विचारलंही होतं.

कोळसा थांबवायला हवा, याबद्दल ब्रिगिदाच्या मनात शंका नव्हती. हवेचं काय होत चाललंय ते तिने पंधरा वर्षं मोजलं होतं. पण तिच्या लहानपणी खाणी बंद झाल्या तेव्हा वॉर्सातल्या कुणीतरी नकाशावर फुल्या मारल्या होत्या, आणि माणसांच्या हातावर एकदाच काय ते पैसे ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं. कुणी गाडी घेतली, कुणी ती विकून दारू प्यायला, आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप एके दिवशी तळघरात गेला तो वर आलाच नाही. ब्रिगिदाचं सगळं शास्त्र त्या तळघरातून निघालेलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की फुली मारायच्या आधी माणसाला विचारा. म्हणून तिच्या पोरांनी बाराही खाणींत प्रत्येकाला एकच मुख्य प्रश्न विचारला: आजच्याइतकाच पगार आणि माणसाला शोभेल असं दुसरं काम मिळालं, तर खाण सोडाल का? जिथे जास्त 'हो', तिथून सुरुवात. आयोगाने हे मान्य केलं त्या दिवशी ब्रिगिदा कार्यालयाच्या स्वच्छतागृहात जाऊन रडली होती. कामगाराचा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी तराजूत घातला होता.

कुठली खाण कधी बंद होणार याची यादी जाहीर झाली ती सेंट बार्बाराच्या सणाच्या आदल्या दुपारी. बार्बारा ही खाणकामगारांना सांभाळणारी संत, आणि त्या दिवशी आमच्याकडे कुणी खाणीबद्दल अभद्र बोलत नाही. पण वॉर्साच्या लोकांना तारखेचं भान असतं तर आणखी काय हवं होतं. कातोवित्सेच्या सभागृहात आयोगाच्या अध्यक्षांनी कुलूपबंद नावं उघडली आणि ब्रिगिदाकडे पाहून हसत वाचलं, "क्रमांक सात. अपोलोनिया. पुढच्या वर्षाअखेर बंद." बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने, शेवटच्या खाणीला वीस वर्षं.

टाळ्या वाजल्या. तिच्या शेजारच्या प्राध्यापकाने तिच्या खांद्यावर थाप मारली. पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात; आमच्याकडे ती खरोखरच सरकते. खाली सगळं पोकळ आहे. मधूनच खडक बसतो, कपाटातल्या बशा वाजतात, भिंतीला तडा जातो आणि माणसं कॉफी पीत राहतात. ब्रिगिदा अशा हादऱ्यांत वाढली होती आणि तिला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दुपारी मात्र तिने खुर्चीचा हात पकडला आणि बराच वेळ सोडला नाही. हे शक्य नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ज्या माणसांबद्दल ती देशोदेशी बोलत आली ती तिच्याच चाळीतली होती, आणि त्या माणसांना ती चांगली ओळखत होती. ती माणसं खाण सोडायला तयार नव्हती. ती साधी खुर्ची बदलायला तयार नसायची.

सभा संपल्यावर तिने अध्यक्षांना गाठलं आणि आकड्यात चूक असू शकते असं सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, आकडा तुमचाच आहे, डॉक्टर. हरकत असेल तर उद्या दुपारी बारापर्यंत कळवा, त्यानंतर कागद मंत्र्यांच्या सहीला जाईल.

ट्रामने घरी येताना तिने स्वतःला तयार केलं. दगड पडतील, कुणी तोंडावर थुंकेल, निदान शेजारीण खिडकी आपटून बंद करेल. झालं भलतंच. चाळीच्या फाटकाशी बापाचा जुना सोबती आलोइस आपल्या समारंभी कोटाची पितळी बटणं घासत बसला होता. तिला बघून तो उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "अभिनंदन, डॉक्टरीणबाई." तिला वाटलं, टोमणा आहे. पण आलोइसला टोमणा मारता येत नाही, हे साऱ्या चाळीला माहीत आहे.

एवाल्द मागच्या अंगणात कबुतरांच्या खुराड्यापाशी होता. खाणीतून निवृत्त झाल्यापासून तो माणसांपेक्षा कबुतरांत जास्त रमे. हातात दाण्यांचा डबा, अंगात जुना स्वेटर.

"आलीस? रेडिओवर ऐकलं," तो म्हणाला. "आपला पहिला नंबर. मग, झालीस ना पास?"

"कशात पास, बाबा?"

"तुझ्या त्या परीक्षेत. आता तरी विद्यापीठवाले तुला पक्की खुर्ची देतील ना?"

ब्रिगिदाला आधी काही कळेचना. मग एवाल्दने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. मुलाखती घ्यायला आलेल्या पोरांपैकी एकाला आलोइसच्या बायकोने चीजचा केक खायला घातला होता, आणि त्याने तोंड भरलेलं असतानाच सांगून टाकलं, की हे सगळं काम डॉक्टर गावलिकबाईंचं. मग काय, त्याच दिवशी एवाल्दने जुन्या तुकडीला बोलावलं. आपल्या पोरीचं काम आहे. जितके हो जास्त, तितके तिला गुण जास्त. विचारतील त्याला हो म्हणा. दुसऱ्या पाळीपर्यंत हा निरोप न्हाणीघरातून, जिथे सगळ्यांचे कपडे साखळ्यांवर छताला टांगलेले असतात, तिथून अख्ख्या खाणीत पसरला होता. म्होरक्या निवृत्त झाला म्हणून त्याचा शब्द निवृत्त होत नाही. कुणाच्या मुलीचं लग्न असलं की तुकडी जिना रंगवते, कुणाचं पोर आजारी पडलं की तुकडी रक्त द्यायला जाते. ब्रिगिदासाठी त्यांनी हो म्हटलं, आणि त्याला तर खर्चही नव्हता.

"बाबा, त्यांनी काय विचारलं होतं ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"असंच काहीतरी. खाण सोडाल का, दुसरं काम कराल का. अगं, असले प्रश्न कुणी आम्हाला खरेखुरे विचारतं का? चाळीस वर्षांत वॉर्सातल्या माणसाने मला किती वाजले तेसुद्धा विचारलं नाही. आम्ही समजलो, पोरीच्या शाळेचं काहीतरी आहे."

"आणि खाण बंद होणार म्हणून रेडिओवर सांगितलं ते?"

"ते दर वर्षी सांगतात."

मग तिने त्याला नीट सांगितलं. हा प्रश्न खरा होता. त्यांच्या 'हो'वरून अपोलोनियाचं नाव पहिलं लागलं. दर वर्षीचं ते वेगळं आणि हे वेगळं. उद्या बारानंतर यावर सही होणार आणि पुढच्या वर्षी माणसं खाली नेणारा पाळणा उतरायचा बंद होणार. एवाल्द ऐकत राहिला. त्याचा चेहरा तिने यापूर्वी एकदाच असा पाहिला होता, खालून तिघांना झाकून वर आणलं त्या दिवशी. तो उलट्या बादलीवर बसला. डब्यातले दाणे त्याच्या बुटांवर सांडले आणि कबुतरं त्याच्या पायांभोवती गोळा झाली.

"माझ्यामुळे?" त्याने विचारलं.

ब्रिगिदाला त्याला नाही म्हणायचं होतं, पण तिला खोटं बोलायची सवय नव्हती. आकडा माझा, नियम माझा, तेव्हा चूक माझीही आहे, असं ती म्हणाली. माणसाला विचारलं की माणूस आपल्यापुरतं उत्तर देतो, असं तिने गृहीत धरलं होतं. ज्या मुलखात माणूस एकटा खाली उतरत नाही आणि एकटा वर येत नाही, तिथे जन्मून तिला हे सुचू नये, याचाच तिला आता धक्का बसला होता. उद्या आयोगाला सांगते, की सातव्या खाणीचा आकडा खोटा आहे.

"त्यांना तू सांग," एवाल्द म्हणाला. "आपल्या माणसांना मी सांगणार. गाठ मी मारली, मीच सोडवतो."

सणाच्या सकाळी, उजाडायच्या सुमारास, नेहमीप्रमाणे खाणीचा बँड चाळीच्या खिडक्यांखाली वाजवत गेला. नेहमीप्रमाणे कुणी खाली उतरून वाजवणाऱ्यांना पेला दिला. प्रार्थना झाली आणि सगळे खाणीच्या हजेरीच्या हॉलमध्ये जमले. तिथे भिंतीत बार्बाराची मूर्ती आहे. खाली उतरण्याआधी माणसं तिथे क्षणभर थांबतात. पुरुष काळ्या कोटांत, टोप्यांवर काळे तुरे, बायका मागे. एका रात्रीत सगळ्यांना खरं काय ते कळलं होतं. हॉलमध्ये इतकी माणसं असून खोकल्याशिवाय आवाज नव्हता.

एवाल्द मूर्तीच्या पायरीवर चढला. भाषण त्याला जमत नाही. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून तुम्ही हो म्हणालात. आता पोरगी वरती सांगणार आहे, की तो हो खरा नव्हता. पण तिचा नुसता शब्द कोण मानेल? म्हणून तिच्यासमोर दाखवा. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी हो म्हटलं त्यांनी हात वर करा." आणि म्होरक्याच्या सवयीने पहिला हात त्याने स्वतःचाच वर केला.

हात वर गेले. आधी जुनी तुकडी, मग बाकीचे, मग सगळा हॉलच. ब्रिगिदाला वाटलं, सुटलो आपण. सवयीने ती हात मोजायला लागली, आणि बापाच्या समोरच उभ्या असलेल्या आपल्या भावापाशी अडखळली. रायमुंदने टोपी दोन्ही हातांत धरली होती.

एवाल्दनेही ते पाहिलं. "हात वर कर," तो हळूच म्हणाला.

"नाही, बाबा."

"तू हो म्हणाला नव्हतास?"

"म्हणालो होतो. पण तुमच्यासाठी नाही." रायमुंदचा आवाज फार मोठा नव्हता, पण त्या हॉलमध्ये सगळं ऐकू येतं. "तुमचा निरोप मिळाला होता मला. म्हटलं, ताईचं काम आहे, हो म्हणू आणि उठू. पण त्या पोराने प्रश्न वाचला, आणि बाबा, जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं. मी खरं बोललो. उलट तुमचा निरोप होता ते बरंच झालं. सगळेच हो म्हणतायत म्हटल्यावर माझा खरा हो कुणाला कळणार होता?"

कुणीतरी मागून म्हणालं, "वा, म्होरक्याच्याच घरात." त्यावर कुणी हसलं नाही. तेवढ्यात तुकडीतल्या एका तरण्या माणसाने हात खाली घेतला. तो कुणाकडेच बघत नव्हता. मग त्याच्या पलीकडच्याने. मग भिंतीपाशी एकाने, त्याच्या बायकोने त्याची बाही धरून ठेवली होती तरी. सगळ्यांनी नाही. अर्ध्यांनीही नसेल. किती, ते तिला सांगता येत नव्हतं, कारण ती मोजायची थांबली होती. मुलाखतीतला हो बापाच्या शब्दाने आला होता, आणि आजचे हातही बापाच्याच शब्दाने वर गेले होते. ही माणसं स्वतः काय म्हणत होती, ते तिच्या पंधरा वर्षांच्या शास्त्रात कुठेच नव्हतं. एवाल्दचा हात मात्र अजून वरच होता. खाली घ्यायचा तो विसरून गेला होता.

बाराच्या आत तिने अंगणातून अध्यक्षांना फोन लावला. सातव्या खाणीचा आकडा धरू नका, लोकांनी ठरवून उत्तरं दिली होती, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की असं असेल तर तिथे खरोखर तयार किती आहेत?

"माहीत नाही," ती म्हणाली. एवढ्या सभांमध्ये हे दोन शब्द तिने एकदाही उच्चारले नव्हते.

अध्यक्षांनी समजुतीनेच सांगितलं, की यादी थांबवतो, पुन्हा सगळीकडे विचारावं लागेल, आणि ते काम आता दुसऱ्या कुणालातरी द्यावं लागेल. तुमचं नाव त्यात ठेवता येणार नाही, डॉक्टर. तिला ते कळत होतं. तिने आभार मानून फोन ठेवला तेव्हा रायमुंद मागे उभा होता.

"आकडा काढून घेतलास?"

"घ्यावाच लागला. खोटा होता."

"माझा हो खोटा नव्हता," रायमुंद म्हणाला. "त्यांचे पुसलेस ते ठीक. त्यांच्याबरोबर माझाही पुसलास. आता कोण येणार, ताई, आणि कधी? तोवर मी खालीच ना?"

पुन्हा येतील, मी त्यांना यायला लावीन, असं ती काहीबाही बोलली. त्याने मान हलवली, वाद घातला नाही. तो वाद घालत नाही हेच तिला जास्त लागलं. ज्या एका माणसाने तिच्या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याचं तिला पक्कं माहीत होतं, त्याचंच दार तिने आपल्या हाताने बंद केलं होतं. आणि ते तिचं काम होतं, तिने ते बरोबरच केलं होतं, हे कुठे सांगायची सोय नव्हती.

आईने सणाचं जेवण मांडलं होतं. मांसाच्या गुंडाळ्या, बटाट्याचे मऊ गोळे, जांभळा कोबी. रायमुंद आणि त्याची बायको मुकाट्याने बसली. एवाल्द आलाच नाही, म्हणून आईने ब्रिगिदाला त्याला बोलवायला पाठवलं.

तो खुराड्यापाशी होता, त्याच उलट्या बादलीवर, अंगात समारंभी कोट. तुऱ्याची टोपी त्याने खिळ्याला टांगली होती. चला, जेवण गार होतंय, असं ती म्हणाली. तो उठला नाही.

"मला विचार," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. त्या पोरांनी मला विचारलं नाही. म्हातारा, पेन्शनवाला, म्हणून सोडून दिलं."

"बाबा, तुमचं उत्तर आता कुठे धरणार?"

"कुठे धरू नकोस. विचार नुसतं."

ती त्याच्यासमोर उभी राहिली. हसावं की रडावं ते तिला कळेना. मग परक्या पोरांना शिकवलं होतं तसं, सरळ आवाजात, मध्ये न थांबता तिने विचारलं, "आजच्याइतकाच पगार आणि माणसाला शोभेल असं दुसरं काम मिळालं, तर खाण सोडाल का?"

एवाल्दने कबुतरांकडे पाहिलं. त्याला उत्तर शोधावं लागलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"पहिल्या पाळीनंतरच सोडली असती," तो म्हणाला. "अठरा वर्षांचा होतो. वर आलो तर गुडघे असे हलत होते. माझा बाप फाटकाशी उभा होता. कसं वाटलं, असं नाही विचारलं त्याने. उद्या लवकर ऊठ, म्हणाला."

आतून आई हाका मारत होती.

"रायमुंद पहिल्यांदा वर आला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो," एवाल्द म्हणाला. "मीही त्याला तेवढंच म्हणालो."